दहापैकी नऊ वेळा बरोबर

रविवार, २ जून

आला. अखेर आला तो डबा!

काळा, वीतभर लांब, आठ भोकांचा. नेटवर्कचा स्विच — घरातल्या तारा एका जागी जोडायचं खोकं, बाकी काही नाही. हॉस्पिटलमध्ये अशी चारशे भोकं मी सांभाळते, बावीस वर्षं. आणि माझाच नवरा मला सांगतो की या डब्याने गाणं ‘उघडतं’!

‘ऐक, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं की नाही?’

मला काहीच वाटलं नाही. तारेतून आकडे जातात, सूर जात नाहीत. आकडा पोचतो किंवा पोचत नाही. ‘जरा मऊ’ असा पोचत नाही. हे मी त्याला शंभरदा सांगितलंय. पण स्पीकर-तारा विकणाऱ्या दुकानदाराने त्याच्या डोक्यात भलतंच भरवलंय — आम्ही त्या दुकानदाराला कानसेन म्हणतो. त्याला म्हणे तार उलटी लावली तरी कळतं. आधी तारा झाल्या, मग स्पीकर, आता हा. मला काळंबेरं वाटतंय.

आणि हल्ली हा बोलतो किती हळू! दिवसभर लोकांना ‘आ करा, अजून मोठा’ म्हणणारा दातांचा डॉक्टर, घरात आला की कुजबुजतो. काहीतरी लपवणारा माणूस असा बोलतो.

यापुढे संध्याकाळी हा गाणी लावतो त्या खोलीत जाऊन बसणार. एकटा सोडायचा नाही. अजून काय आणून ठेवेल!

सोमवार, ३ जून

तो दवाखान्यात असताना डबा उघडला. चार स्क्रू.

आत तीच हिरवी पट्टी, जी हॉस्पिटलातल्या साध्या डब्यात असते. आणि तळाशी चिकटवलेला लोखंडाचा ठोकळा. वजनासाठी! हातात घेतल्यावर भारी वाटावा म्हणून. बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथे वासा तेवढा भरीव, घरच पोकळ.

संध्याकाळी आल्याआल्या म्हणाला, ‘उघडलास?’

‘तुला कसं कळलं?’

‘स्क्रूवर ओरखडा आहे.’ दातांच्या डॉक्टरची नजर! मी ठोकळ्याचं सांगितलं. शांतपणे म्हणाला, ‘मला ऐकू येतं ते येतं.’

बुधवार, ५ जून

काल मंगळवार. कानसेनच्या दुकानात होता म्हणे, चार ते सहा. दर मंगळवारी! दुकानात दर आठवड्याला नवीन काय उगवतं?

शनिवार, ८ जून

परीक्षा घेतली. आपणहून तयार झाला — हेही मला संशयास्पदच.

तो खुर्चीत, समोर स्पीकर, मध्ये कपाट. मी कपाटामागे गुडघ्यांवर. नाणं उडवायचं — छापा आला तर नवा डबा, काटा आला तर जुना. तार बदलायची, उभं राहायचं, ‘लाव’ म्हणायचं. तेच गाणं, तीच पहिली ओळ. दहा वेळा.

दहापैकी नऊ बरोबर.

नऊ!

मी भांडी घासायला गेले. बावीस वर्षं मी काय ओढत होते मग, सुतळी?

गुरुवार, १३ जून

हा फसवतोय. नव्या डब्याचे दिवे निळे आहेत, त्यांचा उजेड मागच्या भिंतीवर पडत असणार. आज दिवे काळ्या चिकटपट्टीने बंद केले. डबे टॉवेलात गुंडाळले, तार खोचताना ‘टिक’ व्हायला नको म्हणून.

दहापैकी दहा.

शुक्रवार, १४ जून

हॉस्पिटलातल्या आमच्या साहेबांना सांगितलं. पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत, आता त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. चहा पीत विचारलं, ‘तार बदलत कोण होतं?’

‘मी.’

‘कुठला डबा लावलाय ते कोणाला माहीत?’

‘मला.’

‘मग त्यांनी डबा ऐकला की तुम्हाला?’

बुधवार, १९ जून

आज वाकडी वाट करून कानसेनच्या दुकानात गेले. चांगला दम द्यायचा होता लोखंडाच्या ठोकळ्यावरून.

‘या वहिनी! डॉक्टर कसे आहेत? बऱ्याच दिवसांत दर्शन नाही.’

‘काल आले होते ना?’

‘काल? मार्चपासून पायधूळ नाही झाडली त्यांनी. डबासुद्धा मेसेज करून मागवला.’

ठोकळा राहिला बाजूलाच. काय बोलले, कशी बाहेर पडले, आठवत नाही.

गुरुवार, २० जून

चार ते सहा. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर माणसाला चार ते सहा काय हवं असतं?

हळू बोलणं. फोन न उचलणं — लेकसुद्धा तक्रार करते, ‘आई, बाबांना फोन केला तर कट करतात आणि मेसेज करतात.’ सगळं जुळतंय. मीच वेडी, डब्यांचे स्क्रू काढत बसले!

शनिवार, २२ जून

लेक दोन दिवसांसाठी आली आहे. तिला म्हटलं, बाबांची परीक्षा तू घे. साहेबांच्या पद्धतीने. कपाटापुढे दोरी बांधून चादर टाकली. लेक चादरीमागे. मी याच्या शेजारी बसले, कुठला डबा लागलाय ते मलाही माहीत नाही.

लेक आतून म्हणाली, ‘झालं, लावा.’

हा बसून.

‘बाबा, झालं!’

हा चादरीकडे बघत बसलाय. तोंडावर तसंच सौम्य हसू, पाहुण्यांकडे बसल्यासारखं.

‘बाबा! झोपलात का?’

मी कोपर मारलं तेव्हा दचकून बटण दाबलं. प्रत्येक वेळी कोपर मारावं लागलं. दहापैकी चार. लेक हसत बाहेर आली, ‘हरणार म्हणून बाबा रुसले!’ तोही हसला.

मी नाही हसले.

सोमवार, २४ जून

पाठीमागून हाक मारली. नाही.

‘चहा झालाय’ म्हटलं. नाही.

चांगली सणसणीत शिवी दिली. नाही!

समोर गेले, तोंड उघडायच्या आत म्हणाला, ‘काय गं, रडतेस कशाला?’ मी म्हटलं, कांदा.

बुधवार, २६ जून

दात दुखतोय म्हणून दवाखान्यात गेले. याची मदतनीस बाई पंधरा वर्षं आहे तिथे, तोंडातून शब्द काढत नाही. आज मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, एक बोलू? रागावू नका.’

आता कुठल्या बाईचं नाव कानावर पडतंय म्हणून मी भिंतीला हात टेकवला.

‘डॉक्टर मला मास्क खाली करून बोलायला लावतात. का ते सांगत नाहीत. आणि परवा पेशंट डावी दाढ म्हणाला. पडूनच बोलला तो, तोंडावर हात. डॉक्टरांनी सुई उजवीकडे नेली. मी हात धरला त्यांचा.’

घरी येताना दोन थांबे पुढे गेले.

मंगळवार, २ जुलै

आज मागे गेले त्याच्या. माझी मलाच लाज वाटत होती, पण गेले.

जुन्या वाचनालयाची इमारत, वरचा मजला. काचेचं दार. आत गोलात सात खुर्च्या, बहुतेक डोकी पांढरी. मध्ये एक बाई उभी. तोंड हलवतेय आणि आवाज नाही. दाराबाहेर मला वाटलं काच जाड आहे. पण नाही — ती आवाज काढतच नव्हती! एकेकाने तिच्या ओठांवरून ओळखायचं. एका आजोबांनी भलतंच काही सांगितलं, सगळे खो खो हसले. मग याची पाळी. हा मोठ्याने म्हणाला, ‘माझी बस चुकली!’ टाळ्या.

असा मान मागे टाकून हसताना त्याला कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. राग आला मला. एखादी बाई असती तरी इतका आला नसता.

संध्याकाळी जेवताना त्याच्यासमोर बसले. नुसते ओठ हलवले, आवाज न काढता — ‘आज कुठे होतास?’

‘कानसेनकडे,’ म्हणाला. आणि पाण्याचा पेला उचलला.

त्याला कळलंच नाही!

मी पुन्हा ओठ हलवले — ‘मी आवाज काढलाच नाही.’

पेला तसाच हातात राहिला. मग खाली ठेवला.

‘कधीपासून?’ मी विचारलं. या वेळी आवाज काढून.

‘दीड वर्ष. जास्तच असेल. आधी वाटलं तार खराब झाली. मग स्पीकर. मग स्विच. सगळं बदलून झालं. उरलो मी.’

‘कानाच्या डॉक्टरकडे गेलास?’

‘नाही.’

‘स्वतः डॉक्टर असून?’

‘लोक माझ्याकडे दात पार किडेपर्यंत का येत नाहीत? तेच कारण.’

‘आणि दहापैकी नऊ?’

‘नवा डबा लावलास की तुझा खालचा ओठ डावीकडे दाबला जातो. मला खोटं पाडायला निघालीस की तसाच जातो. लग्नापासून.’

त्या डाव्या दाढेचं मी काढणारच होते. त्याआधी त्यानेच सांगितलं. म्हणाला, ‘उद्यापासून दवाखाना बंद. त्या बाईंनी हात धरला नसता तर?’

सोमवार, ८ जुलै

कानाची डॉक्टरीण तरुण आहे, भराभर बोलते. याने ओठ वाचता वाचता दोनदा थांबवलं तिला.

तिने दोन दांड्यांचा चिमटा टेबलावर आपटून घुमवला आणि याच्या कानासमोर धरला. ‘ऐकू येतं?’ नाही. तोच कानामागच्या हाडावर टेकवला. हा ताठ बसला. ‘येतं! स्पष्ट येतं!’

नस ठणठणीत आहे. कानात तीन हाडं असतात, त्यातलं शेवटचं, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं, ते आखडलंय. हलतच नाही. दातांच्या मशीनचा दोष नाही, रक्तातून येतं हे बरेचदा. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सासूबाई! ‘हवं तेवढंच ऐकतात’ म्हणून आयुष्यभर चेष्टा केली त्यांची.

‘यात स्वतःचा आवाज आतून मोठा वाटतो,’ ती म्हणाली, ‘म्हणून माणूस हळू बोलायला लागतो.’ म्हणजे तो लपवत नव्हता. म्हणजे — लपवत होता, पण ते वेगळं.

उपाय आहे. ते हाड काढून त्याच्या जागी बारीकशी तार बसवायची.

‘तार?’ हा म्हणाला.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याच्याकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

पण मग तिने दुसरंही सांगितलं. शंभरात एखाद्याचा कान उलट कायमचाच जातो. म्हणून आधी एकच करायचा. मला कोणावर तरी संशय घ्यायचा होता — डॉक्टरणीवर, तारेवर. घेता आला नाही.

बुधवार, २४ जुलै

झालं. ऑपरेशनला पंचेचाळीस मिनिटं म्हणाले होते, दीड तास लागला. का, ते कोणी सांगेना. कानात कापूस. आता वाट बघायची. जोरात शिंकायचंही नाही.

शुक्रवार, २ ऑगस्ट

कापूस काढला. मी श्वास रोखून उभी. डॉक्टरीण कागदावर लिहायला लागली तसा हा तिच्या हाताकडे वळून म्हणाला, ‘पेन इतकं खरखरतं?’

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले थोडा वेळ.

रविवार, १८ ऑगस्ट

लेक आली होती. पुन्हा चादर, पुन्हा दहा वेळा. प्रत्येक ‘झालं’ पहिल्याच हाकेला ऐकलं. कोपराची गरज नाही.

दहापैकी पाच.

‘नाणं उडवून सांगितलं असतं तरी चाललं असतं की!’ स्वतःच म्हणाला. नवा डबा लेकीने नेला, तिच्या खोलीत भोकं कमी पडत होती. याने हूं की चूं केलं नाही. मी जिंकले. विशेष काही वाटलं नाही.

मंगळवार, २० ऑगस्ट

आज संध्याकाळी गाणी लागली तेव्हा आतच काम करत बसले. आता कशाला जायचं पाळत ठेवायला! थोड्या वेळाने हा दारात. ‘आज बसत नाहीस?’

‘आता तुला नीट ऐकू येतं ना? मग ऐक की.’

‘गाणी मला वर्षभर धड ऐकू येतच नव्हती गं,’ म्हणाला. ‘तू येऊन बसायला लागलीस, म्हणून लावत राहिलो.’