बेबीनंदाचे गाल

८ नोव्हेंबर १९९८, टेंभुर्णी
पुटकुळ्या गेल्या, काळे डाग राहिले. माझी बेबीनंदा गालावर हात धरूनच बोलते. वीस वर्षांची झाली! तिचे वडील असते तर काहीतरी बोलून हसवलं असतं तिला. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

वाचनालयातून पुस्तक आणलं. असे डाग हळूहळू जातात, महिने लागतात, ऊन टाळावं. आणि आम्ही कापूस वेचणारे!

१२ नोव्हेंबर
नणंदबाई द्वारकाबाई अंबडचं स्थळ घेऊन आल्या. पाहुणे ६ डिसेंबरला येणार. 'महिने कुठून आणू, वहिनी? हे लावू दे तिला. जल्दी उजळती.' दुकानातून मलमाची ट्यूब आणली होती.

२१ नोव्हेंबर
डाग फिकट झाले. खरंच झाले! पोरगी केस मागं बांधून फिरते.

२६ नोव्हेंबर
दोन दिवस मलम लावायचं राहिलं, तर गाल लालभडक. नुसती आग. जालन्याला नेलं. डॉक्टरबाई तडकल्या — 'हे खाजेवरचं मलम आहे! रोज लावून कातडी पातळ होते. बंद करा. आधी आणखी भडकेल, मग शांत होईल. डागांचं नंतर बघू.'

पाहुणे दहा दिवसांवर.

२७ नोव्हेंबर
वन्सं म्हणाल्या, 'पाहुणे जाईस्तोवर लावू दे, मंग फेक. माकडाचं तोंड दाखवतीस का त्यांला?'
मी म्हटलं, बिलकुल नाही.
बेबीनंदा उसळली, 'तुला काय, माय! तुला कुणी बघायला येत न्हाई.'
लागलं.

१ डिसेंबर
गाल पुन्हा गोरे. चोरून लावते. दिसलं मला. ट्यूब हिसकावली नाही.

६ डिसेंबर
मी स्वयंपाकघरातच. विधवेनं अशा वेळी पुढं येऊ नये म्हणे. दाराआडून बघत होते. मुलाच्या आईनं तिला अंगणात, उजेडात उभं केलं. पदराचं टोक पाण्यात बुडवून गाल घासून पाहिला — पावडर निघते का! काही निघालं नाही.
'नितळ हाय. असंच तोंड पाहिजे आमाला.'
पोरगी मान खाली घालून उभी.

८ डिसेंबर
होकार आला. वन्संनी पेढे वाटले. बेबीनंदानं पेढा तसाच हातात धरला आणि हळूच विचारलं, 'माय, तिथं गेल्यावर ट्यूब लपवायची कुठं?'