लाल डोंगर, हिरवा डोंगर

३ मे, सकाळ

फोनमध्ये बोललं की तो आपणच लिहून ठेवतो. तारीखही तोच टाकतो. मला अक्षरओळख नाही, त्यामुळे इथे लिहिलेलं माझ्यापासूनही सुरक्षित.

पहिली नोंद : या घरात माझ्यावर अन्याय झाला आहे आणि मी बदला घेणार आहे.

विजेचं बिल फुगलं. मुलाने वायरमन बोलावून प्रत्येक खोलीच्या वायरीला चिमटा लावला आणि हॉलच्या भिंतीवर पाटीएवढा स्क्रीन टांगला. कुठली खोली किती वीज खाते ते त्यावर डोंगरासारखं दिसतं. माझ्या खोलीचा डोंगर लाल, मुलगा-सुनेचा हिरवा, नातीचा पिवळा. खाली मुंग्यांसारखं काहीतरी लिहिलेलं असतं, ते शोभेला.

सगळ्यांत उंच लाल. सूनबाईने नुसती लाल डोंगराकडे बघून मान हलवली. ती मान मी लक्षात ठेवली आहे.

३ मे, दुपार

ठपका माझ्या फ्रिजवर. हा फ्रिज ह्यांनी घेतलेला. हे गेल्यावर मी या घरी राहायला आले ती टेम्पोत फ्रिज पुढे आणि मी मागे. तो त्या खोलीत उभा आहे म्हणून ती माझी खोली. नाहीतर कपाटं ठेवायची जागा होती ती. मशीन ठणठणीत. फक्त दार मिटत नाही, म्हणून नाडीने बांधते.

मुलगा म्हणाला, आई, दाराचं रबर गेलंय, गारवा बाहेर पळतो, म्हणून तो दिवसभर घुरघुरतो. मी म्हटलं, तुझे बाबाही दिवसभर घुरघुरायचे, त्यांना कुणी भंगारात दिलं नाही.

ठरलं असं : महिनाअखेरीलाही लालच उंच असेल, तर फ्रिज भंगारवाल्याकडे.

बघतेच.

५ मे

मुलाने समजावलं की उन्हाळ्यात फ्रिज जास्त वीज खातो, थंडीत कमी. म्हणजे चूक उन्हाची. पण उन्हाला भंगारात कोण घालणार? आलं म्हातारीवर.

मी स्वतः एसी मागितलेला नाही. उकडलं की नाडी सोडते आणि फ्रिजच्या उघड्या दारात खुर्ची टाकून बसते. फुकटचा वारा. या घरात काटकसर अशी मी एकटीच करते.

७ मे

रात्रभर विचार केला आणि डोकं लखलखीत झालं. लाल खाली येत नसेल, तर हिरवा वर न्यायचा.

सगळे कामाला गेले, नात कॉलेजला. सूनबाईच्या खोलीत जाऊन इस्त्री लावली. फरशीवर उभी ठेवली, मी काही घर जाळायला निघालेली नाही. शेजारी तिचं केस वाळवायचं यंत्रही भिंतीकडे तोंड करून सोडून दिलं. संध्याकाळी हिरवा डोंगर टरारून वर. मी देवासारखा चेहरा करून बसले.

१२ मे

हिरवा रोज चढतो आहे. सूनबाई जेवताना म्हणाली, अहो, मी तर दिवसभर ऑफिसात असते! मी म्हटलं, तेच तर नवल बाई, घरात नसून एवढं. असतीस तर काय झालं असतं!

आज चपाती दोन घास जास्त गेली.

१५ मे

आता त्यांचा एसी. रिमोटवरचं खालचं बटण, जितक्या वेळा दाबता येईल तितक्या वेळा. खिडकी उघडी ठेवायची म्हणजे एसीला काम पुरतं. खोलीत कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, म्हणून मीच त्यांच्या पलंगावर आडवी होते. शाल घ्यावी लागते. बदला घेणं सोपं नाही, अंगाला कष्ट पडतात. काल तर पडल्या पडल्या डोळाच लागला.

१९ मे

लाल अजून हट्टाने उभा. म्हणून फ्रिजला दुपारची रजा दिली, बटण बंद. संध्याकाळी दूध नासलं, लोण्याचं तेल झालं. यात सूनबाईचा हात असणार. सिद्ध करता येत नाही एवढंच.

२३ मे

हिरवा लालच्या डोक्यावर गेला! सूनबाई भेदरली आहे. एकाएकी गोड झाली. आई, गोळ्या घेतल्यात ना? आई, झोप लागली ना? मुलानेही विचारलं, आई, आज वार कोणता? मी म्हटलं, तुझ्या बायकोला तोंड लपवायला जागा नाही, तो वार.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. जिंकत आले आहे.

२७ मे

मुलाने दवाखान्यात नेलं. मला वाटलं बीपी. डॉक्टर पोरगेलासा. आधी वार विचारला, मग महिना, मग म्हणाला, आजी, मी मघाशी तीन वस्तू सांगितल्या, त्या कोणत्या? मी तिन्ही सांगितल्या, वर त्याच्या शर्टाचं बटण तुटलंय हेही सांगितलं.

मग तो हळूच म्हणाला, आजी, इस्त्री चालू करून विसरता का? एसी लावून विसरता?

डोंगराखालच्या त्या मुंग्या म्हणजे वेळ असते म्हणे. हिरवा रोज भरदुपारी उगवायचा, आणि तेव्हा घरात फक्त मी. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ही सरळसरळ फसवणूक आहे.

मुलाच्या डोळ्यांत पाणी. सूनबाई खाली मान घालून बसलेली. डॉक्टर गोळ्या लिहायला लागला. वेडी ठरायचं की लबाड, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी ताडकन उठले. म्हटलं, एकही गोष्ट विसरलेले नाही! सगळं मुद्दाम केलंय! इस्त्री मुद्दाम, एसी मुद्दाम, खिडकीसुद्धा मुद्दाम!

सूनबाईने तोंडावर पदर धरला. रडते आहे असं वाटलं. हसत होती.

परतताना गाडीत म्हणाली, आई, पलंगावर तुमची शाल सापडली त्याच दिवशी मला कळलं होतं. पण मी विचारलं असतं, तर तुम्ही कबूल झाला असतात का?

नसते झाले. बाई तयारीची आहे. हे मी तिला सांगणार नाही.

३१ मे

माझी इस्त्री आणि एसी वजा केल्यावर लालच उंच निघाला. फ्रिज गेला. भंगारवाल्याने एकट्याने पाठीवर घेतला. मला वाटायचं, त्याला चार माणसं तरी लागतील. नाडी मी काढून घेतली.

स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिजमध्ये सूनबाईने एक कप्पा रिकामा करून ठेवला आहे. माझं दूध तिथे. गार राहतं. दार आपसूक मिटतं. मी अजून त्याला काही बोललेले नाही.

दुपारी हॉलमध्ये जाऊन स्क्रीन बघितला. हिरवा होता, पिवळा होता. लाल कुठेच नाही. सपाट. जसं काही त्या खोलीत कुणी राहतच नाही.

आता माझ्या खोलीत दिवसाउजेडी दिवा लावून बसले आहे. टेकडी एवढीशीच येईल. खाली वेळही येईल, कळेल सगळ्यांना. कळू दे.