पावसावर घातलेला आळ

आई, दर उन्हाळ्यात तू कोडोलीच्या बाजारातून दोन नव्या बुट्ट्या आणायचीस, एक तुझी, एक माझी. पावसाळ्यात डोंगरउतारावरून वाहून आलेली माती शेवटच्या बांधाला साचायची, आणि ती आपण डोक्यावरून पुन्हा वरच्या रानात नेऊन टाकायचो. शाळेतली पोरं हसायची, मला लाज वाटायची. एकदा पोट दुखतंय म्हणून मी करंजाखाली पडून राहिलो आणि तू मला तिथं गूळ-शेंगा खाताना पकडलंस. मारलं नाहीस. "खोटं बोललास. आता आनि एक बुट्टी," एवढंच म्हणालीस, आणि तीही शिगोशीग भरलीस.

बांधाबांधावर तू वाळा लावला होतास. त्या गवताची मुळं माती धरून ठेवतात, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. मी कर्ता झालो तोवर शेजारच्या उतारांवर पाइपलाइननं पाणी चढलं होतं आणि जिकडं बघावं तिकडं ऊस. आपली नाचणी बघून मला कमीपणा वाटायचा. बांध काढून रान सलग करूया म्हटलं की तू उसळायचीस. "उसाला खालचं रान हाय की! वाळ्याला हात लावलास तर याद राख." मग तू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मावशीकडं उचगावला गेलीस, आणि त्याच आठवड्यात मी जेसीबी बोलावला. सकाळच्या न्याहारीपर्यंत सगळे बांध वाळ्यासकट, मुळासकट निघाले होते. मग मी तिथं ऊस लावला. तू परत आलीस तेव्हा डॉक्टरांनी तुला रानात जायला मनाई केली होती, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

आषाढात वरची माती कोवळ्या उसासकट ओढ्याला गेली. बांधाची खूणही उरली नाही. तू काळा चष्मा लावून उताराखाली उभी आहेस आणि मी सांगतोय, "पावसानं बांध फुटला." तू वाकून मूठभर गाळ हातात घेतेस. "माझाच बांध कच्चा हुता की रं. पोराचा ऊस गेला माझ्यापायी." तेव्हा खरं बोलायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तू एकटी ओढ्याकाठची माती वर वाहत होतीस, आणि मी "कशाला गं आता?" म्हणत सावलीत उभा होतो.

तू गेलीस त्याला खूप वर्षं झाली. आता वरच्या उतारावर ऊस नाही. बांबू आहे, काजू आहे, मधल्या पट्ट्यांत नाचणी, आणि बांधांवर पुन्हा वाळा. पाण्याचा-खताचा खर्च गेला, उसापेक्षा जास्तच हातात उरतं, आणि पायथ्याचा झरा वैशाखातही वाहतो. लांबून शेतकरी बघायला येतात. हे सगळं माझ्या आईचं, पहिला बांध फुटल्यावर तिचंच पुन्हा केलं, असं मी ऐटीत सांगतो. काल त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलं, "मग पयला बांध कशानं फुटलता वो?"

मी म्हणालो, "पावसानं."

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहवलं. पावणे गेल्यावर मी बुट्टी काढली, खालच्या बांधाची माती भरली आणि एकटाच वर घेऊन गेलो. शिगोशीग नव्हती, आई. निम्मीच भरली होती.