कोपरीच्या बायजा झारेकरणीच्या घराची, सळईची आणि एका नथीची व्यवस्था

शके १८०९, सर्वजित् नाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सन १८८७. मी बायजा कोम सहदेव झारेकरी, उमर अदमासे साठ, धंदा खाडीच्या चिखलातून नाणी शोधून काढणे, राहणार मौजे कोपरी, तालुके साष्टी, जिल्हा ठाणे, माझ्या माघारी काय व्हावे ते आज लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. कान शाबूत, दाढा शाबूत. मला कोणी दम दिलेला नाही. उलट मीच चौघांना दम देऊन इथे बसवले आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून शाळेचे श्रीपाद मास्तर लिहीत आहेत. "बायजाबाई, जरा कागदाला शोभेल असं सांगा," असे ते दोनदा म्हणाले. मी म्हटले, मास्तर, कागद तुमचा, तोंड माझं. लिहा.

कलम १. घर. कोपरीतले माझे तीन खणांचे घर, मागचा फणस आणि शेजारच्या विहिरीवरचा पाण्याचा हक्क माझी सून रतन हिला संपूर्ण मालकीने द्यावा. माझा मुलगा तानाजी याचा त्यावर काडीचा हक्क नाही. घर वडिलार्जित नाही. माझा नवरा सहदेव झारेकरी, म्हणजे सोनारांच्या दुकानांतली राख धुवून सोन्याचे कण काढी. भला माणूस, पण ती राखच छातीत बसली आणि गेला. तानाजी तेव्हा चार वर्षांचा. सोनार मला राख देईनात. म्हणाले, बाईमाणसाचं हे काम नव्हे. बरं, नव्हे तर नव्हे! मी खाडीवर गेले. मोठ्या पुलावरून आगगाडी जाते तेव्हा उतारू खाडीला पैसा, ढब्बू वाहतात. ओहोटी लागली की मी चिखलात. त्याच चिखलातून हे घर उभे राहिले. पुढे त्यांतले दोन सोनार माझ्याच दारी चांदी मागायला आले. त्यांची नावे घालत नाही, त्यांना ठाऊक आहेत.

घर रतनला का, तेही लिहा. तिच्या लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही. तानाजी स्टेशनात तिकिटे देतो, आता मोठा माणूस झाला, म्हणून दुसरी करणार. म्हणतो, दोघी नांदतील. कशा नांदतात ते मला विचारा. माझ्या आईवर सवत आली होती. आई शेवटची सहा वर्षे गोठ्यात निजली आणि तिथेच मेली. रतनला माझ्या घरातून कोणी उठवू शकणार नाही, एवढ्यासाठी हा सगळा कागद आहे. बाकीची कलमे नसती तरी चालले असते.

कलम २. सळई. माझी दोन हात लांब लोखंडी सळई रतनला. ती चिखलात खुपसायची आणि वरचे टोक दाढेखाली धरायचे. शिंपली लागली तर करकरते, दगड मुका असतो, तांबे दाढेत शिरशिरते, चांदी पार कानापर्यंत जाते. तानाजीला मी दहा वर्षे शिकवले. त्याला खिळ्यातला आणि ढब्बूतला फरक कळेना. रतन मुरबाडच्या डोंगरातली, खाडी कधी पाहिली नव्हती. एका हिवाळ्यात शिकली. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी तिच्यावर उगाच ओरडले.

कलम ३. नथ. ही माझी वस्तू नाही, तरी हिची व्यवस्था मलाच केली पाहिजे. आमच्या किनाऱ्याची रीत अशी, की सुटे सापडले ते खाडीला वाहिलेले, ते आमचे. फडक्यात गाठ मारलेले सापडले तर ते कुणाचे तरी पडलेले. गाठ सोडायची नाही, घरात आणायची नाही. तरीची होडी चालवणारा तरवाला धोंडीबा याच्या खोपटात आढ्याला टांगायची, मालक येईपर्यंत. गेल्या चैत्रात रतनला एक गाठ सापडली. ती म्हणाली, "आत्याबाई, टांगून येते." माझे पाय भरून आले होते. मी म्हटले, राहू दे, उद्या टांगू. हजारो ओहोट्या पाळलेली रीत मी एका संध्याकाळी मोडली. चूक माझी.

गाठ कोनाड्यात होती. तानाजीने ती सोडली, आत सोन्याची पुतळी निघाली, माळेत ओवतात तसले नाणे. फडके चुलीत गेले, पुतळी सोनाराकडे गेली आणि तिची नथ झाली, नव्या नवरीसाठी. रतन म्हणाली, ती गाठीतली होती. तो म्हणाला, गाठ कुठे आहे, दाखव. तिसऱ्या दिवशी बाळकुमची कलावती तरीवर रडत आली. मासळी विकून लेकीसाठी पुतळी केली होती, फडक्यात बांधून कनवटीला लावलेली ती होडीतून उतरताना पडली. मी दाराआड लपले. जन्मात पहिल्यांदा लपले, आणि मला त्याची अजून लाज वाटते. तरी ती नथ ज्या नाकात असेल त्या नाकातून काढून कलावतीला द्यावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

कलम ४. किरकोळ. न वाचता येणाऱ्या अक्षरांची तांब्याची नाणी मास्तरांना. त्यांना ती फार जुनी वाटतात, असतील. माझ्या चुलीखाली हंडा पुरला आहे असे जे शेजारी बोलतात त्यांनी चूल उकरू नये. हंडा नाही. उकरलीच तर सारवून द्यावी.

कलम ५. तानाजी. त्याला त्याच्या बापाची राख धुण्याची परात. मला अग्नी त्यानेच द्यावा, दुसऱ्या कोणी नाही. माझी माया त्याचीच आहे, ती काही या कागदाने तुटत नाही. पण माया वेगळी आणि घर वेगळे.

येणेप्रमाणे मी राजीखुशीने सांगितले.

लिहिणाराची टीप: वरील मजकूर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हा तानाजी म्हणाले, "आये, मग तुझ्या माघारी मी राहू कुठं?" बायजाबाई म्हणाल्या, "मला नको विचारू. रतनला विचार." तानाजींनी रतनबाईंना विचारले. रतनबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या, त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आधी नथ बाळकुमला देऊन या. मग बोलू." हेही कागदात घाला असे बायजाबाईंनी सांगितले, म्हणून घातले. तानाजी साक्ष घालण्यास थांबले नाहीत. ते बाळकुमच्या तरीकडे गेले आहेत.

निशाणी सळईची, बायजा कोम सहदेव झारेकरी हिच्या हातची.

साक्षी: धोंडीबा बिन दगडू, तरवाला, निशाणी वल्ह्याची.
साक्षी: हरिहर मोरेश्वर टिपणीस, राहणार टेंभी, सही.
हस्ताक्षर श्रीपाद रघुनाथ, शाळामास्तर.
मुक्काम कोपरी.