डेपोमागे भाजलेली कॉफी

२ एप्रिल १९५६
जंगलखात्याचे नवे डीएफओ साहेब मद्रासकडचे. सोळा तारखेला आमच्या लाकूड डेपोच्या तपासणीला येणार. मी इथला हेडक्लार्क. चांद्याला बदली व्हायची तर त्यांची सही हवी. कमळा, म्हणजे आमची बायको, तीन वर्षांत जंगलाला विटली आहे. साहेबांना म्हणे ताजी भाजलेली कॉफीच लागते. सिरोंच्याच्या व्यापाऱ्याकडून कच्च्या बिया मागवल्या. पंधरवड्यात एक्स्पर्ट होतो.

५ एप्रिल
पहिला घाणा स्वयंपाकघरात, लोखंडी कढईत. निम्मा कोळसा, निम्मा कच्चा. सुरुवात उत्तम. कमळा खोकत बाहेर आली, घरात एवढं धुपट काऊन करून राह्यले म्हणाली. उद्यापासून बाहेर.

६ एप्रिल
सकाळी नोटीस लावली: पावसाळ्यापर्यंत डेपोजवळ उघड्यावर विस्तव पेटवणाऱ्यावर कारवाई. चौकीदार सुकलूला वेगळी ताकीद. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची या लोकांची खोड. तो म्हणाला, यंदा झाडूनच काढून राह्यलो भाऊ. बघू.
संध्याकाळी डेपोला लागून असलेल्या आमच्या घरामागे तीन दगडांची चूल मांडली. नोटिशीचा इथे संबंध नाही. हे तपासणीचं काम, म्हणजे सरकारीच.

९ एप्रिल
शोध लागला. भाजताना बियांचं पातळ फोलपट सुटतं. गरम बिया सुपात घेऊन वाऱ्यावर पाखडल्या की फोलपट उडून जातं. काही पेटलेलंच उडतं. दिसायला फार छान. वाळत घातलेल्या लुगड्याला दोन भोकं. कमळा दिवसभर बोलली नाही. शांततेत भाजणं चांगलं होतं.

११ एप्रिल
ऊन भयंकर. गवत पायाखाली कडकड मोडतं. पाखरांचा आवाज नाही. सुकलू चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. म्हणाला, दुपारून वारा डेपोकडं फिरते भाऊ, सूप इकडं नका झटकू. मी म्हटलं, कॉफीतलं तुला काय कळतं! त्याने विळ्याने चुलीभोवतीचं दोन हात गवत कापलं. माणूस बरा, पण भित्रा.

१३ एप्रिल, संध्याकाळ
आजचा घाणा फर्स्ट क्लास. रंग थेट सागाच्या गाभ्याचा.
दुपारी डेपोला आग लागली. लाकडाच्या दोन थप्प्या गेल्या, सुकलूची झोपडी गेली. ओल्या फांद्यांनी झोडपून त्यानेच आग विझवली. हात भाजले. कमळाने विहिरीवरून घागरी आणल्या. मी कॉफीचा डबा वाचवला. कोणीतरी डोकं शाबूत ठेवायला हवं.
कारण उघड आहे. मोह.

१४ एप्रिल
रिपोर्ट लिहिला: चौकीदाराने मोहाखाली पाला जाळल्याने आग. मोह डेपोच्या पलीकडच्या अंगाला आहे खरा, पण आगीचा काय नेम. सुकलूचा अंगठा घेतला. डाव्याला चिंधी बांधली होती, म्हणून उजवा. साहेब आले की त्याला अहेरीला पोलिसांत देतील. त्याने विचारलं, मले जेल होईन का भाऊ? मी म्हटलं, साहेब दयाळू आहेत.
कमळा म्हणाली, आग मोहाकडून नाई आली, म्या पाह्यलं. बायकांना दिशा कळत नाहीत. छातीत मात्र धडधड होते. कॉफी चाखण्याचा परिणाम असावा. बदलीची ऑर्डर हातात पडली की सुकलूसाठी नक्की शब्द टाकीन.

१६ एप्रिल
साहेबांनी दोन कप घेतले! कुठे भाजता, विचारलं. आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतः त्यांना घरामागे नेलं. चूल दाखवली, सूप दाखवलं. उत्साहात एक घाणा भाजून पाखडूनही दाखवला. फोलपटं डेपोकडे उडाली. साहेब त्यांच्या मागोमाग चालत गेले. सुकलूने कापलेल्या जागेपुढे काळी जमीन सुरू होते, ती थेट जळक्या थप्प्यांपर्यंत. मग मोहाखाली जाऊन उभे राहिले. पाल्याचा ढीग तिथे तसाच, न जळलेला.
माझं पूर्ण नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. लक्षण चांगलं वाटतं.

१८ एप्रिल
सुकलू आरोपातून सुटला, कामावर आला. मी सस्पेंड.
रेंजर नवा पंचनामा करायला आले. चूल, कढई, सूप जप्त. अक्षर बरं असलेला दुसरा कोणी डेपोत नाही, म्हणून लिहायला मलाच बसवलं. पंच म्हणून सुकलू. सगळे रकाने भरले. आग कोणी लावली, तिथे टाक थांबला. सुकलूने मान खाली घातली. कमळा त्याच्या हाताला खोबरेल लावत होती. वर न पाहता म्हणाली, लिवा.
लिहिलं.