सुदर्शनबाबूंचे व्रत

ज्येष्ठ वद्य एकादशी. रिकार्टन. इकडे दक्षिण गोलार्धात ज्येष्ठ म्हणजे ऐन हिवाळा.
उपवास. अंगणात हिम, तुळस खिडकीच्या आत घेतली. दुपारी शेजारी सुप्रियाकडे. तिचे वडील सुदर्शनबाबू अलंकारशास्त्रावर बोलू लागले की थंडीचा विसर पडतो. सरकारी कागद ओडियात निघावा, एवढ्यासाठी या गृहस्थाने मंत्रिपद सोडले. आमचे बोलणे हिंदीत. अडले तर संस्कृतात.
नात मिताली आठ वर्षांची. आजोबांचे ओडिया तिला सारे कळते, उत्तर मात्र इंग्रजीत. आणि बाबूंचे व्रत असे, की उंबऱ्याच्या आत इंग्रजी ऐकायचे नाही. म्हणून तिचे उत्तर मी हिंदीत करून सांगायचे, मग ते मान हलवणार. विधानसभेत इंग्रजी मसुद्यांची चिरफाड करणाऱ्याला मी ‘आय अ‍ॅम हंग्री’चा अर्थ सांगते! आमचा श्रीधर म्हणाला, "आई, तिथे पगार लावून घे."

ज्येष्ठ वद्य चतुर्दशी.
रथयात्रेच्या तयारीसाठी ओडिया मंडळी आली होती. रथापुढे झाडण्याचा मान बाबूंना. दोन शब्द इंग्रजीत बोला, मुलांना कळेल, असा मंडळींचा आग्रह. बाबू म्हणाले, झाडीन. बोलेन ते ओडियात. 
सुप्रिया मला दारापर्यंत सोडायला आली. बाबांनी भुवनेश्वरचे तिकीट काढायला सांगितले आहे. जाण्याचेच. तिने कारण विचारले, तर उत्तर मिळाले: ज्या घरात आपली भाषा पाहुणी, तिथे मी किती दिवस राहू?
तिला रडू आवरेना. मिताली जिन्यावर बसलेली. बाप-लेकीचे ते बोलणे तिच्यादेखत ओडियात झाले होते. मितालीला ओडिया कळते, हेच आम्ही सगळे विसरलो.

आषाढ शुद्ध द्वितीया.
सभागृहात रथ. पुरीत राजा झाडतो. येथे माजी मंत्री, स्वेटरवर उपरणे. चंदनाच्या पाण्याचे भांडे मितालीच्या हाती. नंतर बाबू बोलले. वडीलधाऱ्यांचे डोळे ओले, मुले फोनमध्ये. मुलांत शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली ती एकटी मिताली. बाबूंनी तिकडे पाहिले नाही. की पाहवले नाही?
परतताना मी धीर करून म्हटले: व्रताचा क्लेश व्रतस्थाने सोसायचा, असे शास्त्र. तुमच्या व्रताचा क्लेश एक लेकरू सोसते आहे.  बाबू म्हणाले, "ताई, येथे वाकलो, तर आयुष्यभर ताठ कशासाठी राहिलो?"
 संध्येला मन लागले नाही.

आषाढ शुद्ध पंचमी.
बॅगा दारात. श्रीधर गाडी आणण्यास गेलेला, सुप्रिया वर पासपोर्ट शोधत. बैठकीत आम्ही तिघेच. मिताली शाळेच्या गणवेशात, हट्टाने घरी राहिलेली. आजोबांसमोर येऊन उभी राहिली.
"आजा, आर यू गोइंग बिकॉज ऑफ मी?"
बाबूंनी, रोजच्यासारखेच, माझ्याकडे पाहिले.
हिंदी वाक्य ओठांवर तयार होते. ते मी गिळले.
"सुदर्शनबाबू, तुम्ही ऐकलेत. हे मी सांगणार नाही."
त्यांचा चेहरा प्रथम कठोर, मग… काय लिहावे? चष्मा काढला. पुसला. परत लावला नाही. मुलगी हलली नाही. मला वाटले होते, पळून जाईल. बाहेर श्रीधरने हॉर्न वाजवला. बाबूंनी हात उंचावला, थांब म्हणून. त्याला की मला, कळले नाही. मी उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतले.
श्रीधर म्हणाला, "उशीर होईल."
"होऊ दे," मी म्हटले.
आत आवाज येत होता. एकाचा, की दोघांचा… मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले, ऐकू येणार नाही इतकी दूर.