नुसत्या गाठी

११ नोव्हेंबर २००६
सोनोग्राफी झाली. गर्भाशयात चार गाठी. मोठी संत्र्याएवढी! दारव्ह्याचे डॉक्टर रिपोर्ट बघता बघताच म्हणाले, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." लग्नाला आठ वर्षं, मूल आहे का, त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अंगावरून जाऊन जाऊन इतकी थकले आहे की 'कटकट मिटेल' एवढंच ऐकू आलं.

१२ नोव्हेंबर
सासूबाईंचं मत तयारच — "माही नाही काहाडली काय? संघदीप तीन वर्साचा होता. असंच अंगावर जाये, अशाच गाठी. पुढच्या साली कापूस वेचाले गेलती मी. तू कायले भेतं?"
आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायकांची काढलेली. वेचणी संपली की एकेक जाते, दात काढून यावं तशी परत येते. सासूबाईंना मग दुसरं मूल झालं नाही, हे कोणी बोलत नाही.
संघदीप गप्प. नवरा म्हणून की मुलगा म्हणून, कळत नाही.

१८ नोव्हेंबर
यवतमाळ. वाटेत कापसाच्या गाड्यांची रांग — भाव नाही, माप नाही. एसटी अडकून पडली.
इथल्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. पोट उघडून नुसत्या गाठी काढता येतात, पिशवी राहते. मूल होईलच असं नाही. गाठी परत येऊ शकतात. रक्त थांबलं नाही तर ऐनवेळी पिशवीही काढावी लागेल. दुर्बिणीने? एवढ्या मोठ्या गाठीला इथे नाही.
"नुसत्या गाठी काढा," मी म्हटलं. "मला मूल हवंय." आवाज जरा मोठाच निघाला.

१९ नोव्हेंबर
सासूबाई बोलत नाहीत. भाकरी मात्र झाकून ठेवतात.

४ डिसेंबर
उद्या ऑपरेशन. भीती वाटते.

९ डिसेंबर
टाके ओढतात. पिशवी राहिली!
संघदीपने आज सांगितलं — डॉक्टरीणबाईंनी गाठींचा ट्रे बाहेर आणून दोघांना दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "अन् पिशवी कुठी हाय?" "ती आतच आहे, मावशी. शिवून ठेवली." त्या बाकावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. चहासुद्धा घेतला नाही म्हणे.

१० डिसेंबर
सासूबाई मोसंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साधने, हे आपरेशन माह्या टायमाले होतं काय वं?"
होतं. डॉक्टरीणबाईंना मी सकाळीच विचारलं होतं.
"नव्हतं, आई."
"मंग बरं," म्हणाल्या.